कोष्ट्याला दिसलेले पाय

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर ती ज्या गावात घडली त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, एक धनगर आणि त्याची बायको राहत. मूलबाळ नव्हतं. होतं ते शेळ्यांचं वाडगं, म्हणजे कुंपण घातलेला गोठा. त्या शेळ्यांची एक खूण होती: एक कान काळा, एक पांढरा.

दरवर्षी वसुबारसेला ही नवराबायको वाडग्याचं दार उघडून बसत. ज्याच्या घरी दुधाची नड असेल त्याने यायचं, येताना हातात दावं आणायचं. एवढंच. तोंडाने काही मागायचं नाही, आणि त्यांनीही काही विचारायचं नाही. माणसाने शेळी निवडावी, दावं बांधावं, घरी न्यावी. त्या शेळीला पहिली पाठ झाली, म्हणजे पहिलं मादी करडू झालं, की ते मोठं करून परत द्यायचं. ते पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या दाव्याला लागायचं. असं एका वाडग्यातून कितीतरी घरांत दूध गेलं.

धनगर वारला आणि पाठोपाठ धनगरीणही गेली. जाताना तिने तीन मित्रांना बोलावलं. एक कोष्टी, एक लोहार आणि बांबूच्या टोपल्या विणणारी एक बुरडीण. तिघांचे हात धरून ती म्हणाली, "वाडगं तुमच्या हवाली. देत ऱ्हावा."

तिघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण कोष्ट्याच्या काळजाला ते शब्द जास्तच लागले. धनगर त्याचा जिवाभावाचा मित्र. त्याचं नाव आपल्या हातून बुडू नये, ही एकच चिंता त्याला त्या दिवसापासून लागली. चिंता चांगली होती. पण चिंतेला दार उघडं सापडलं, की तिच्या मागून संशयही घरात शिरतो.

आता या कोष्ट्याचा माग कसा होता ते ऐका. मागासाठी जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पाय सोडून तो बसायचा. घर रस्त्यापेक्षा खाली, आणि उजेडासाठी एकच खिडकी, तीही रस्त्याला लागून. त्यामुळे दिवसभर त्याला जगाचे फक्त पाय दिसत. गुडघ्याच्या वरचं माणूस त्याला दिसतच नसे. तरी पायांवरून तो माणूस ओळखायचा. त्याचा त्याला मोठा अभिमान होता. आणि विणताना तुटका धागा शोधत बसायची सवय असल्यामुळे, रस्त्यावरही तो तुटकंच शोधायचा.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी त्याच्या लक्षात आलं, की वाडग्यातून शेळ्या जातात, पण परत येणाऱ्या पाठी कमी झाल्यात. ज्याला विचारावं तो म्हणे, "बोकड झाला, दादा."

"सगळ्यांच्याच शेळ्यांना बोकड कसं व्हतात?" कोष्टी लोहाराला म्हणाला.

लोहार हसला. "देवाची करणी. आपण काय करणार?"

लोहार हसला का, याचाच कोष्ट्याने मग दोन दिवस विचार केला. मागच्या महिन्यात लोहाराच्या घरात नवा भाता आला होता. तो कशातून आला? आणि बुरडीण टोपल्या विकायला वाड्यावस्त्यांवर जाते, तिच्या डोक्यावरच्या मोठ्या टोपलीत एखादं करडू सहज मावेल. कोष्टी खिडकीतून तिचे पाय बघू लागला. जड पडतात का हलके, हे बघू लागला. आडवा धागा टाकायचा धोटा हातात राहायचा आणि कापड तिथेच अडायचं. घरात सून गरोदर, तिला चांगलंचुंगलं द्यायचं सोडून याची पायांची पाहणी चालूच.

एक दिवस सकाळी खिडकीतून दोन ओळखीचे पाय गेले. टाचांना वाळलेली माती, भेगा पडलेल्या. ही कुंभारीण. नवरा गेल्यावर एकटीच चाक फिरवणारी. धनगरणीने तिला शेळी दिली होती. तिच्या पायांबरोबर आज आणखी चार पाय, वाढलेल्या पाठीचे, खूर वाजवत चालले होते. रस्ता बाजाराचा होता.

दुपारी कुंभारणीचे पाय परत आले. दोनच.

कोष्ट्याने धोटा खाली ठेवला. "गावली," तो पुटपुटला. त्याला राग आला होता आणि, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही झाला होता. संशयी माणसाला चोर सापडला की हरवलेली वस्तू सापडल्यासारखं वाटतं.

तो तडक तिच्या दारात गेला. "बाई, पाठ कुठंय?"

कुंभारीण मडकं थापत होती. तिने हात थांबवला नाही. "जायला पायजे तितं गेली."

"बाजारात?"

"न्हाई."

"मग कुणाकडं? नाव सांगा."

"नाव न्हाई सांगायचं, बाबा. धनगरीणआक्कांनी जाताना बजावलंय. घेणाऱ्याचं नाव दुसऱ्याच्या दारात घेऊ नये म्हून."

कोष्ट्याला वाटलं, मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. त्याने तिच्या खुंटीची शेळी सोडली आणि ओढत वाडग्यात नेऊन बांधली. कुंभारीण दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं हीच तिच्या चोरीची कबुली आहे, असं कोष्ट्याने स्वतःला समजावलं.

त्यानंतर त्याने नवा नियम काढला. ज्याला शेळी हवी त्याने गावासमोर उभं राहून आपली नड सांगायची. दोन जामीनदार आणायचे. शेळी व्यायची वेळ आली की कोष्ट्याला बोलवायचं, म्हणजे बोकड की पाठ हे तो स्वतः बघेल.

बुरडीण म्हणाली, "दावं हातात घिऊन आलेल्या माणसाला अजून काय इचारायचं? त्ये दावं हातात घेतानाच त्येचा जीव किती बारीक झालेला असतो."

"तुला काय भ्या वाटतंय?" कोष्ट्याने विचारलं.

त्या प्रश्नात काय दडलंय ते बुरडणीला कळलं. तिने टोपली उचलली आणि ती चालू लागली. लोहाराने मग होला हो केलं, कारण नाही म्हटलं तर आपल्यावरही बोट येईल, हे त्याला दिसत होतं. तिघं मित्र एकत्र बसायचे ते तिथून बंद झालं.

पुढच्या वसुबारसेला वाडग्याचं दार उघडलं. कोष्टी ओट्यावर बसला. एक पोट सुटलेला व्यापारी आला, त्याच्याबरोबर दोन जामीनदार. त्याने आपली नड अशी काही रंगवून सांगितली, की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. शेळी घेऊन गेला. दुसरं कुणी आलंच नाही. ज्यांच्याकडे जामीनदार होते त्यांना शेळीची गरज नव्हती, आणि ज्यांना शेळीची गरज होती त्यांना जामीन कोण राहणार?

दूरवर, चिंचेखाली, एक बाई दावं घेऊन उभी होती. बराच वेळ उभी होती. मग तिने ते दावं पदराखाली घेतलं आणि निघून गेली. बुरडणीने ते पाहिलं. कोष्ट्याने पाहिलं नाही, तो वाडग्यातल्या शेळ्या मोजत होता.

त्यात आणखी एक झालं. गावात ज्यांच्याकडे आधीच्या शेळ्या होत्या, ते एकेक करून त्या परत आणू लागले. "तुमची पाळत नको आन् शेळी बी नको," असं म्हणत दाराशी बांधून जात. वाडगं भरत चाललं. कोष्टी खुशीत होता. "बघा," तो लोहाराला म्हणाला, "धनगराच्या वेळेला एवढं भरलं व्हतं का कधी?"

लोहार म्हणाला, "न्हाई. कधीच न्हाई."

पौषात एका शेळीचं नाक वाहू लागलं. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची खोकली. वाडगं खचाखच भरलेलं, अंगाला अंग लागलेलं. साथीला आणखी काय हवं? कोष्टी पाला आणत राहिला, धुरी देत राहिला, हळद लावत राहिला. वर्षानुवर्षं ज्या शेळ्या घरोघरी विखुरल्या होत्या, त्या त्याने एका जागी आणून उभ्या केल्या होत्या, आणि आता त्या त्याच्या डोळ्यांदेखत एकीमागून एक आडव्या झाल्या. शेवटची शेळी गेली ती कुंभारणीच्या दारातून ओढून आणलेली. कोष्टी रिकाम्या वाडग्यात बसून लहान मुलासारखा रडला. मित्राचं नाव राखायला निघाला होता, ते त्याच्याच हातून बुडालं होतं.

संकट एकटं येत नाही म्हणतात. त्याच आठवड्यात त्याची सून बाळंत झाली. नात झाली. पण सुनेला ताप भरला आणि दूध आटलं. म्हशीचं दूध पोरीला पचेना. वैद्य म्हणाला, "शेळीचं दूध मिळालं तर पोर जगंल. उद्यापातूर बघा."

गावात शेळी कुठे होती? व्यापाऱ्याने त्याची केव्हाच विकली होती. बाकीच्या सगळ्या कोष्ट्याच्याच नियमापायी वाडग्यात गोळा झाल्या आणि साथीत गेल्या होत्या.

तेव्हा बुरडीण आली. इतक्या महिन्यांनी ती पहिल्यांदाच त्याच्या दारात आली होती. म्हणाली, "मी टोपल्या घिऊन फिरते. डोंगरापल्याडच्या वस्त्यांवर काळ्या-पांढऱ्या कानाच्या शेळ्या हायेत, दादा. येका वस्तीवरनं दुसऱ्या वस्तीवर गेलेल्या. धनगरीणआक्का आजारी पडल्यापास्नं लोकांना म्हनायची, पाठ मला परत नगा आणू, ज्याच्या दारात दूध न्हाई त्याच्या दारी बांदा. त्या कुंभारणीनं तिची पाठ बाजाराच्या वाटंवरच्या पाथरवटांना दिली. त्येंच्यात अंगावरची पोरं व्हती."

"मग मला बोकड झाला म्हणून का सांगत व्हते सगळे?"

"नाव सांगावं लागू नये म्हून. तुमी इचारलंच नसतं तर खोटं कशाला बोलले असते?"

बुरडीण पुढे म्हणाली, "तुमी तिची शेळी नेली हे पाथरवटांना कळलं, तवा ती पाठ विऊन दुभती झाली व्हती. त्येंनी तीच आणून कुंभारणीच्या खुंटीला बांदली. गावात आज येकच शेळी हाय. ती तितं हाय."

कोष्टी मागाजवळ गेला. त्याने सुताचे पदर घेतले, पीळ दिला आणि एक दावं वळलं. आयुष्यात हजारो वार कापड विणलं, पण हे हातभर दावं त्याने दोनदा उलगडून पुन्हा वळलं.

कुंभारणीच्या दारापर्यंतची वाट त्याच्या रोजच्या खिडकीसमोरून जात होती. त्याला वाटलं, आज कुणी खिडकीत बसलं असतं तर त्याला माझे पाय कसे दिसले असते? एका लबाडाचे? एका भिकाऱ्याचे?

तो दारात उभा राहिला, हातात दावं धरून. कुंभारणीने चाक थांबवलं. तिने वर पाहिलं आणि कोष्ट्यानेही, बहुधा पहिल्यांदाच, तिचा चेहरा नीट पाहिला.

"बाई, त्या दिवशी मी..."

"दावं आणलंय न्हवं?" ती म्हणाली. "मग बोलू नगा."

तिने शेळी सोडली आणि त्याच्या दाव्याला बांधून दिली. एवढंच म्हणाली, "हिला परत पाठ झाली की हितं आणू नगा. ज्याच्या दारात दूध न्हाई तितं बांदा. आन् कुठं बांदली, ते मला सांगू नगा."

नात जगली. कोष्ट्याने जमिनीलगतची ती खिडकी बुजवली आणि भिंतीत वर, माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर दुसरी काढली. तिघं मित्र पुन्हा एकत्र बसू लागले. वाडगं मात्र त्यांनी परत कधी भरलं नाही. दर वसुबारसेला कोष्टी दावी वळायचा, लोहार खुंट्या करायचा, बुरडीण वैरणीच्या टोपल्या द्यायची, आणि हे सगळं वाडग्याच्या उघड्या दारात ठेवून तिघंही तिथून दूर निघून जायचे. सकाळी दावी नेलेली असत. कुणी नेली, आणि कुणाच्या दारातली पाठ त्या दाव्याला लागली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण डोंगराच्या अल्याड-पल्याड, दारोदारी, काळ्या-पांढऱ्या कानाच्या शेळ्या दिसू लागल्या.

तात्पर्य काय, तर दान विश्वासाने वाढतं. पहारा बसवला, की राखायला फक्त रिकामं वाडगं उरतं.