दोघांच्या विहिरीवरचा सवाल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. आमच्या कातळवाडीत ज्याला त्याला वाटतं की आपल्या पणजोबांनी ती डोळ्यांनी पाहिली, आणि एवढे सगळे पणजोबा एका विहिरीच्या काठावर मावले कसे हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

त्या काळी इथे निंबाजी नावाचा पानाडी होता. पानाडी म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा. कुणी त्यासाठी नारळ धरतं, कुणी काडी फिरवतं. निंबाजी सरळ खडकाला कान लावायचा. दगडाखालून मुंगी चालली तरी त्याला ऐकू यायची, असं म्हणतात. त्याचा जिवलग दोस्त यल्लू वडार, पहारीने कातळ फोडणारा. याने सांगायचं आणि त्याने खणायचं. दोघं एका ताटात जेवायचे. काही लोकांना ते खटकायचं, पण पाणी हवं असायचं, म्हणून गप्प बसायचे. दोघांची भांडणंही भारी. निंबाजी म्हणे तुला काही ऐकूच येत नाही, यल्लू म्हणे तुला काम करायला नको.

मग एका उन्हाळ्यात गावातले सगळे झरे आटले. बायका लांब नदीपर्यंत जायच्या, वाळूत खड्डा करायच्या आणि झिरपलेलं पाणी वाटीवाटीने भरून आणायच्या. निंबाजीने विहिरीसाठी जागा दाखवली ती गावाच्या मधोमध, उघड्या कातळावर. लोक हसले. यल्लू पहार घेऊन उतरला.

आता विहीर खणणाऱ्यांची एक रीत असते, ती ऐका. पाणी जवळ आलं की खडकाचा शेवटचा पातळ थर तसाच ठेवायचा. सगळ्यांनी वर यायचं. मग एकट्याने कमरेला दोर बांधून खाली जायचं आणि शेवटचा घाव घालायचा. घाव बसला की वरच्यांनी त्याला लगेच ओढून घ्यायचं, कारण दबलेलं पाणी उसळून येतं. तो थर किती उरलाय हे निंबाजी कान लावून सांगे. पण दोर कातळाला घासला की आवाज होतो, म्हणून कान लावताना तो कमरेचा दोर सोडून ठेवायचा. यल्लू त्यावरून रोज बडबडायचा. निंबाजी रोज हसायचा. त्या दिवशी त्याने दोर सोडला, कान टेकवला आणि बाजूची दरड निसटली. एक भली मोठी शिळा त्याच्या कमरेवर येऊन बसली.

गावाने काही करायचं बाकी ठेवलं नाही. बैल जुंपले, दोरखंड बांधले. शिळा बोटभर हलली, तशी वरून आणखी दरड ढासळली आणि निंबाजी असा ओरडला की बैल बिथरले. वैद्य खाली जाऊन आला. त्याने सांगितलं की हा वाचायचा नाही, पण माणूस काटक आहे, लवकर जायचाही नाही. तो दिवस गेला, दुसरा उजाडला. यल्लू त्याच्या उशाशी बसून होता. ओरडून ओरडून निंबाजीचा आवाज बसला, तेव्हा त्याने यल्लूला जवळ बोलावलं.

"शेवटचा घाव घाल," तो म्हणाला. "पाणी दगडाच्या अगदी खाली आलंय. मला ते ऐकत जाऊ दे."

यल्लू म्हणाला, "लोक म्हणतील पाण्यासाठी दोस्त मारला."

"म्हणू देत. तू कशासाठी मारलास ते तुला माहीत असेल."

यल्लूने वर येऊन निंबाजीचं म्हणणं सांगितलं. काठावर सगळं गाव उभं होतं, रिकाम्या घागरी घेऊन. कुणी हो म्हणेना, कुणी नको म्हणेना. एकजण हळूच म्हणाला, तसाही तो जायचाच आहे. यल्लूला त्या माणसाचा इतका संताप आला की पहार फेकून तो निघून जायला लागला. तेवढ्यात खालून निंबाजीचं कण्हणं आलं. यल्लू परत फिरला, कमरेला दोर बांधला आणि उतरला. त्याने दोस्ताच्या तोंडावरून हात फिरवला आणि घाव घातला.

पाणी इतक्या जोरात आलं की यल्लूला ओढून घेणारे मागच्या मागे पडले. संध्याकाळपर्यंत विहीर काठोकाठ भरली. आणि मग निंबाजीचा देह आपसूक वर आला, त्याच्या मागोमाग ती शिळाही वर आली, असं म्हणतात. आता शिळा पाण्यावर येते का? लहानपणी मीही विचारलं होतं, मला सांगितलं की गप्प बैस, आली होती. तिच्यावर उभं राहूनच आम्ही अजून पाणी शेंदतो.

लोकांना तो चमत्कार वाटला. यल्लू मात्र मनाशी म्हणाला, शिळा हलत होती तर. मग आणखी एक दिवस थांबलो असतो तर? त्या विहिरीचं पाणी त्याने तोंडाला लावलं नाही. खांद्यावर पहार घेऊन तो दारोदार हिंडू लागला आणि एकच विचारू लागला, की माझ्या जागी तू असतास तर घाव घातला असतास का? त्याला शाबासकी नको होती, शिव्याही नको होत्या. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

पाटील म्हणाले, घातला असता, त्यात विचारायचं काय. यल्लूने पहार त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, खाली निंबाजी आहे असं समजा आणि घाला. पाटलांनी पहार भिंतीला टेकवून ठेवली. देवळातला गुरव म्हणाला, मी नसता घातला, पाप आहे ते. यल्लूने त्यालाही पहार दिली आणि सांगितलं, तो कण्हतोय, आता त्याला नाही म्हणा. गुरवाला ते तोंडाने म्हणवेना.

असं करत सगळी घरं झाली. एकच राहिलं. निंबाजीच्या बायकोच्या, येसाईच्या दारावरून यल्लू मान खाली घालून जायचा. शेवटी एका सकाळी तीच त्याच्या झोपडीत आली. तिने आपण होऊन पहार उचलली.

"मी नसता घातला, भावजी," ती म्हणाली. "माझ्याच्यानं झालंच नसतं. पण तुम्ही घातलात ते बरं केलंत."

यल्लू लहान पोरासारखा रडला. येसाईने त्या विहिरीचं पाणी तांब्यात आणलं होतं. तिच्या हातून तो ते प्याला.

तेव्हापासून चैत्रात एक दिवस सगळं गाव विहिरीवर जमतं. ज्याला त्याला यल्लूचा सवाल विचारतात आणि उत्तर पहार हातात धरूनच द्यायचं असतं. बसल्या जागी दिलेलं उत्तर आमच्यात धरत नाहीत. गेल्या वर्षी हो म्हणणारा यंदा नाही म्हणाला तरी त्याला कुणी हसत नाही. आणि त्या दिवशी आपल्या हाताने पाणी प्यायचं नसतं. घातला असता म्हणणाऱ्याला नसता घातला म्हणणारा पाजतो, आणि त्याला हा.

एका वर्षी सगळ्यांचं उत्तर एकच आलं, असं म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव तहानलेलं घरी गेलं.