खंडेनवमीला मांडलेली बुकं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. हिवरठाणात प्रत्येक घर वेगळा काळ सांगतं, आणि शेजारचा सांगतो तो खोटा, हेही सांगतं. गावच तसं. विहिरीचं पाणी जरा उतरलं की ते कोणी उपसलं याची कुजबुज सुरू. आणि या संशयी गावातला सगळ्यांत संशयी माणूस म्हणजे हैबती पाटील. कोणी रामराम घातला तर यानं आज का घातला असेल, याचा विचार करत तो घरापर्यंत जायचा.

तेव्हा मुलूख संस्थानाचा होता. एका राणीसाहेबांच्या मनात आलं आणि गावोगाव वाचनालयं निघाली. हिवरठाणालाही बैलगाडीतून बुकं आली, शिसवी कपाट आलं. चावडीला लागून असलेली खोली झाडून घेतली गेली. दिव्याचं तेल, वर्तमानपत्र आणि सांभाळणाऱ्याचा पगार दरबारातून यायचा. बुकांना जामीन मात्र पाटील. बुकं गेली तर पाटीलकी गेली, असं कागदावर लिहून त्याची सही घेतली होती. त्या दिवसापासून त्याला प्रत्येक वाचणारा माणूस चोर वाटू लागला.

बुकं सांभाळायला जाणबा नेमला होता. तो पलटणीतून एक पाय आखडून आणि अक्षरं शिकून परत आलेला. पायाचं गावाला समजलं, अक्षरांचं समजेना. बोलायचा कमी, आणि कमी बोलणाऱ्यावर हिवरठाणाचा विश्वास कधीच बसला नाही. असं म्हणतात, जाणबा नुसत्या वासावरून सांगायचा की बुक चुलीपाशी वाचलं की गोठ्यात. आणि न वाचता कोणी परत आणलं तर ते तो घ्यायचाच नाही. "ह्याला तुमच्या घरचा वास लागला न्हाई अजून," म्हणायचा आणि माणसाला वाटेला लावायचा.

गावाला त्याचा राग यायचा, पण गाव खोलीवर जायचं. जनावरांच्या रोगांच्या बुकातून धनगराच्या म्हादूनं आपली मेंढरं वाचवली. सुताराला मोटेची नवी चाकी एका चित्रात सापडली. चंद्राई सुईण अडलेल्या बाळंतिणीकडे जाताना पदराखाली काहीतरी घेऊन जायची. लोकांना वाटायचं अंगारा असेल. ते बुक होतं.

मग राणीसाहेब गेल्या आणि नवा दिवाण आला. असं म्हणतात, त्याला राजासाठी मोटार घ्यायची होती. आधी वर्तमानपत्र बंद झालं. पुढं तेल बंद झालं. पुढं जाणबाचा पगार. तरी जाणबा रोज उजेड असेपर्यंत खोली उघडी ठेवायचा. पाटलाच्या डोक्यात लगेच किडा वळवळला. पगार नाही तरी माणूस कामावर येतो, म्हणजे याला दुसरीकडून काहीतरी मिळतंय.

दरबारानं सगळ्या पाटलांना विचारलंही होतं, की वाचनालय गावाला हवं आहे का. हैबतीनं कळवलं, विशेष गरज नाही. बुकं गेली म्हणजे जामीनकी गेली, एवढाच त्याचा हिशोब. शिवाय वाचणारे लोक चावडीवर उलट बोलायला लागले होते. हे उत्तर आपण कोणाला दाखवलं नाही, असं त्याला वाटत होतं. पण हिवरठाणात काही लपून राहतं होय?

पावसाळा सरता सरता हुकूम आला. दसऱ्याच्या सुमाराला दरबाराचा कारकून गाड्या घेऊन येईल आणि बुकं घेऊन जाईल. ती शहरात रद्दीच्या भावानं जाणार, ही बातमी हुकुमाच्याही आधी गावात पोचली होती.

तेव्हापासून पाटलाला गावात काहीतरी वेगळंच दिसू लागलं. तो गल्लीत शिरला की बायकांचं बोलणं थांबायचं. नामा न्हावी भर दुपारी दार लावून बसायचा आणि आतून पुटपुटणं ऐकू यायचं. ज्याच्या घरी निवडायला दाणा नाही, तोही कडुलिंबाचे डहाळे खांद्यावर टाकून घरी चाललेला. घरोघर धान्यात लिंबाचा पाला घालायची एवढी घाई कशाला? पाटलानं विचारलं तर जो तो म्हणायचा, "किडा लागतोय, पाटील." आणि नजर चुकवायचा.

शेवटी एका सकाळी त्यानं खोलीत जाऊन शिसवी कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं. कप्प्यांवर लिंबाची चार पानं तेवढी पडली होती.

बापजाद्यांची पाटीलकी, देवळातला पहिला मान, दारातली बसायची दगडी पेढी, सगळं पाटलाच्या डोळ्यांपुढून निघून गेलं. जाणबा उंबऱ्यावर पाय पसरून बसला होता.

"बुकं कुटं हायत?" पाटलानं विचारलं.

"कामाची हायत तितं."

"इकलीस तू. पगार बंद झाला आन तू बुकं इकून खाल्लीस."

जाणबानं वर पाहिलं. "पाटील, तुमाला तसं वाटतंय तर मला चावडीत कोंडा. पर बुकं कुटं हायत ते म्या सांगनार न्हाई. तुमाला तर न्हाईच न्हाई."

पाटलानं त्याला कोंडलं आणि तालुक्याला माणूस पाठवला. उलट निरोप आला की कारकून खंडेनवमीलाच पोचतो. बुकं नसतील तर जाणबा तुरुंगात, आणि पाटीलकी दुसऱ्या घरात. हे ऐकूनही गावातलं कोणी हळहळलं नाही. जाणबासाठी सगळ्या घरांतून भाकरी मात्र यायची. चोराला एवढ्या भाकऱ्या? पाटलाला वाटलं, सगळं गावच वाटेकरी आहे. पहिल्यांदाच त्याचा संशय खरा ठरत होता, फक्त त्याला ते अजून माहीत नव्हतं.

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. हिवरठाणात ही पूजा फार कडक. ज्यावर घर चालतं ते सगळं त्या दिवशी धुऊनपुसून पाटावर मांडायचं, झेंडू वाहायचा, हळदकुंकू लावायचं. एखादं अवजार झाकून ठेवलं, मांडलं नाही, तर ते वर्षभर हातात चालत नाही, अशी गावाची ठाम समजूत. आणि पाटलाचा मान असा, की आपल्या घरची पूजा उरकून त्यानं दारोदार जायचं आणि प्रत्येक पाटावर स्वतःच्या हातानं हळदकुंकू वाहायचं.

हैबती त्या वर्षीही निघाला. मन थाऱ्यावर नव्हतं, पण मान सोडवत नव्हता. सुताराच्या घरी पाटावर वाकस, पटाशी, करवत मांडलेली, आणि एका कडेला फडक्याखाली काहीतरी. सुताराची बायको मध्ये आली. "त्ये राहू द्या, पाटील."

"काय झाकलंय?"

पाटलानं फडकं उचललं. करवतीशेजारी बुक होतं, त्यावर झेंडूचं फूल. सुतार खाली मान घालून म्हणाला, "झाकून ठेवलंवतं. पर आज मांडलं न्हाई तर चाकी चालायची न्हाई."

पाटलानं त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि तो पुढच्या घरी गेला. न्हाव्याच्या पाटावर वस्तऱ्यापाशी बुक. धनगराकडे कातरीपाशी. चंद्राई सुईणीच्या पाटावर दुसरं काहीच नव्हतं, एकटं बुकच होतं, आणि तिनं ते झाकलंही नव्हतं. घरामागून घर तो हळदकुंकू वाहत गेला. असं म्हणतात, त्या बुकांपैकी एकालाही वाळवी शिवली नव्हती. कारण जाणबानं बुक देताना प्रत्येक घराला बजावलं होतं, की नुसतं लपवलं तर वाळवी खाईल, रोज वाचायचं. ज्या घरात वाचणारं नव्हतं त्या घरानं शेजारचं माणूस बोलावून वाचून घेतलं होतं. एरवी शेजाऱ्याला चुलीपर्यंत येऊ देणारं हे गाव नव्हे.

पाटील घरी परतला. त्याच्या पाटावर आजोबांची तलवार होती. सकाळी त्यानंच तिला कुंकू लावलं होतं. आता त्यानं तलवारीखालचं तांबडं कापड उचललं. खाली बुक होतं. दारात त्याची बायको सारजा उभी होती.

"तूबी?" तो म्हणाला. "तुला वाचता येतंय?"

"चंद्राईनं शिकवलं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

सारजा म्हणाली, "तुमी दरबाराला लिवून दिलंवतं, गावाला गरज न्हाई. तुमाला कसं सांगायचं? तुमी आमचं ऱ्हायला न्हाईसा, असं वाटलं."

जन्मभर ज्यानं गावावर संशय घेतला, त्याच्यावर सगळं गाव संशय घेऊन बसलं होतं, आणि गावाचा संशय बरोबर होता. हैबती पाटील त्या तलवारीपाशी बसला आणि आपल्या बायकोसमोर रडला. एवढं दुःख त्याला बाप गेला तेव्हाही झालं नव्हतं.

तेवढ्यात गाड्या वाजल्या. कारकून चावडीपुढं उतरला, त्यानं कपाट पाहिलं आणि विचारलं, "पाटील, बुकं कुठं आहेत?"

सगळं गाव जमलं होतं. पाटलाला नुसतं बोट दाखवायचं होतं. पाटीलकी वाचली असती, जामीनकीही सुटली असती. जो तो त्याच्या बोटाकडे पाहत होता.

पाटील म्हणाला, "बुकं गावात हायत, सायेब. घराघरांत पाटावर मांडलीत. म्या सोता हळदकुंकू वाह्यलंय. आता ती अवजारं झाली. जप्तीत कुनाच्या अवजाराला हात लावायचा न्हाई, ह्यो तुमच्याच दरबाराचा कायदा हाय. पाटीलकी न्यायची तर न्या."

कारकून सुताराच्या घरात डोकावून आला, मग सुईणीच्या. त्या दिवशी त्याच्याही घरी दौत आणि टाक पाटावर होते. कुंकू लावलेल्या अवजाराला हात लावायचं त्याला धाडस झालं नाही. गाड्या रिकाम्या परत गेल्या. पण असं म्हणतात, बैल चढाला असे धापा टाकत होते, की जशी काही सगळी बुकं गाडीतच आहेत. कारकून पुन्हा पुन्हा मागं वळून बघत होता.

पाटीलकी गेलीच. दुसऱ्या घरात गेली, पण गावानं खंडेनवमीचा मान हैबतीकडेच ठेवला. गाड्या गेल्या त्याच संध्याकाळी त्यानं स्वतः चावडीचं कुलूप काढलं होतं. जाणबा बाहेर आला आणि त्यानं एकच विचारलं, "पाटील, तुमच्या घरचं बुक तुमी वाचलं का?" हैबतीनं ते त्या दिवशी सुरू केलं.

जाणबा कधी गेला, कसा गेला, याचा पत्ता लागत नाही. असं म्हणतात, तो गेला त्या दुपारी वारा नसताना घराघरांत बुकांची पानं उलटली.

राजे गेले, संस्थान गेलं. हिवरठाणात अजूनही खळ्यावरची पहिली सूपभर रास वाचनालयाची असते. तरीही सरकारकडून अनुदान दर वर्षी मागितलं जातं आणि ते येईपर्यंत अर्जामागून अर्ज जातात. आम्ही सूप देतो म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका, असं गाव साहेबांना तोंडावर सांगतं. अनुदान वेळेवर येणार, असं कोणी आश्वासन दिलं की गाव मान डोलावतं, आणि त्याच संध्याकाळी बुकं घरी न्यायला सुरुवात करतं.

खंडेनवमीला कपाट रिकामं असतं आणि घरोघर अवजारांशेजारी बुक असतं. हैबतीच्या वंशातला माणूस दारोदार हळदकुंकू घेऊन फिरतो. पाटावर एक फडकं मुद्दाम टाकलेलं असतं. तो उंबऱ्याशी थांबून विचारतो, "काय झाकलंय?"

घरातली बाई फडकं उचलते आणि म्हणते, "आता तुमच्यापासून काही न्हाई."

मगच तो आत येतो.