काळ्या लेपाखालचं सर्किट

खासनीसांचं ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे गिटारला गुरगुरायला लावणारी डबी, नाशकात गाजत होतं. आतलं सर्किट दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर काळा लेप ओतला होता. "हे जुनंच सर्किट आहे," असं तेजल म्हणाली आणि तिच्याच बँडने तिला एकटं पाडलं.

"लेप न खरवडता सिद्ध कर, नाहीतर माफी माग," खासनीस भर कार्यक्रमात म्हणाले.

तेजलने जुन्या सर्किटची स्वतः जोडलेली डबी काढली. एकच सूर दोन्हींतून रेकॉर्ड केला, एकाची लहर उलटी केली आणि दोन्ही एकत्र लावले. स्पीकर गप्प.

"बंद पडलं का गं?" खासनीस हसले.

"नाही सर. दोन्हींत सारखं होतं ते वजा झालं. आता ऐकू येतंय ते फक्त तुमचं."

बँडची पोरं खाली बघत राहिली आणि तेजल एकटीच वायर गुंडाळू लागली.