कासवाला कळेल असं

त्या राज्यात पाणी कासव आणत असे, आणि कासव दगडाचं होतं. त्याची पाठ खोलगट होती. नदीवर ती भरायची आणि चिंचेखालच्या हौदात रिकामी करायची, एवढंच त्याला येत होतं, तेही सांगितलं तर. सांगण्याचा मान बगळेअण्णांचा. एका पायावर उभे राहून ते एका दमात लांबलचक वाक्य म्हणत. त्यातला एक शब्द हुकला तरी कासव मान आत घेई. असलं अवघड वाक्य पोरासोरांच्या कानावर पडू नये, अशी चोख व्यवस्था होती.

चिंचेवर एक खार नुकतीच लग्न होऊन आली होती. पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या, "नेहमीसारखं आवरून घे गं." नेहमीचं म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण ते सगळ्यांनाच माहीत होतं. खार बघत राहिली, आणि दिसेल ते सालीच्या तुकड्यांवर दातांनी कोरत गेली. एका तुकड्यावर एकच काम. ढोली झाड. शेंगा आण. टरफलं काढ. क्रम विसरू नये म्हणून तुकड्याला वर खाच ठेवली आणि खाली खुंटी, म्हणजे एकाखाली एक घट्ट बसावेत. झाडावरच्या पिल्लांना हा खेळ फार आवडला. "काकू, अजून कोर ना," म्हणत ती तिच्या मागे मागे असत. सुनेच्या ढोलीत एवढा कचरा कशाला, हे मात्र सासूबाईंना कळेना.

त्या उन्हाळ्यात अण्णांचा घसा बसला. हौदात तीन बोटं पाणी उरलं. सगळे कासवाभोवती जमले.

"जा रे बाबा, नेहमीसारखं घेऊन ये," सासूबाई म्हणाल्या.

कासव ढिम्म.

"इतकी वर्षं जातोय, एवढंही कळू नये? दगड मेला!"

"त्याला नेहमीचं माहीत नसेल," खार म्हणाली. सासरी आल्यापासूनचं तिचं हे सर्वांत मोठं वाक्य होतं. सासूबाईंनी वळून पाहिलं.

तोवर पिल्लांनी नवे तुकडे कोरले होते. दहा पावलं चाल. डावीकडे वळ. नदीपर्यंत जा. पाठ भर. परत ये. जोडलेली ओळ त्यांनी कासवाच्या नाकासमोर ठेवली. कासवाने एकेक तुकडा हुंगला, ते उठलं, दहा पावलं चाललं, डावीकडे वळलं आणि थेट झुडपातल्या अण्णांच्या घरट्यात घुसलं.

"कोण चुकलं?" अण्णांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. या प्रश्नाची त्यांना सवय होती.

"कुणी नाही, अण्णा. हा तुकडा चुकला," सगळ्यांत धाकटी पिटुकली म्हणाली. तिने 'डावीकडे' काढून तिथे 'उजवीकडे' बसवलं.

आता कासव नदीवर जाऊन आलं, आणि भरल्या पाठीने हौदापाशी उभंच राहिलं. 'ओत' कोरायचं राहिलं होतं. पिल्लं हसून हसून लोळली. मग 'ओत' कोरलं, बसवलं. हौदात पाणी पडलं.

पण एका खेपेने हौद कसा भरणार? शंभर खेपांना शंभर ओळी कोरायच्या, तर चिंच सोलून निघाली असती. पिटुकलीने एक वाकडा तुकडा शोधला, आ वासल्यासारखा. त्याच्या जबड्यात सगळी ओळ बसवली आणि वर कोरलं, 'पुन्हा पुन्हा'.

कासव जात राहिलं, येत राहिलं. हौद काठोकाठ भरला. कासव येतच राहिलं.

"अगं, थांबवा त्याला कुणीतरी!" सासूबाई ओरडल्या. त्यांनी वाळत घातलेली चिंच तरंगत नदीकडे निघाली होती.

"थांबायचं कधी, ते सांगितलंच नाही आपण," पिटुकली म्हणाली आणि घाईघाईने कोरू लागली, 'हौद भरेपर्यंत'. वाहून जाणारी चिंच सासू आणि सून दोघींनी मिळून पकडली. दोघी नखशिखान्त भिजल्या होत्या, आणि आधी कोण हसलं, ते कुणाला सांगता येईना.

आठ दिवसांनी अण्णांचा घसा सुटला. बातमी लगेच पसरली. सगळे हौदाभोवती अदबीने उभे राहिले. अण्णांनी एक पाय वर घेतला, छाती भरून घेतली, चोच उघडली.

समोर पिल्लांची ओळ अर्धवट पडली होती. 'ओत' घरंगळून बाजूला गेलं होतं.

अण्णांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वर घेतलेला पाय हळूच खाली टेकला. मग लांब मान वाकवून त्यांनी तो तुकडा चोचीत उचलला, दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि जागेवर बसवला.

खट्.

कासव उठलं.