चावरं तळं

या तळ्याला चावरं तळं म्हणतात, आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी पाय मागं घेतो आणि मग विचारतो, यात काय चावतं? काही चावत नाही. मगर नाही, सुसर नाही. पाणसाप असला तर तो आपला बेडूक धरून पडलेला असतो, त्याला तुमच्याशी देणंघेणं नाही. खुशाल पाय सोडून बसा. काठची माती मात्र उचलू नका. खुरवडी गावात या तळ्याची चिमूटभर मातीसुद्धा कुणी घरी नेत नाही. आणि काठावर मांडलेत ते मातीचे घोडे फोटोसाठी इकडचे तिकडे करू नका. हातात घ्या, उलटा करून पोटाखाली बघा आणि होता तिथं ठेवा. प्रत्येक घोड्याच्या पोटाखाली अंगठा उमटलेला दिसेल, आणि अंगठ्यावर एक आडवी ओळ.

शिकलेली माणसं इथं येऊन वाद घालतात. लेकरांना असलं काही खोटं सांगावं की सांगू नये. वाद जरूर घाला, पण आधी ऐकून घ्या. ऐकत कुणी नाही, बोलायचीच घाई सगळ्यांना.

तर असं सांगतात, की तेव्हा इथं तळं नव्हतं. टेकाडाच्या कुशीत मातीची खाण होती आणि गावात तुळाजी कुंभार होता. टेकाडावर राऊत राहतो, राऊत म्हणजे घोडेस्वार, असं गावातल्या पोरांना सांगायचे. कार्तिकातल्या पुनवेला पहाटे तो गावात उतरतो. जे पोर वर्षभर नीट वागलं त्याच्या उंबऱ्यावर मातीचा घोडा ठेवतो. जे वागलं नाही त्याच्या दारावरून सरळ पुढं जातो.

हे शेवटचं आयांनी मागाहून जोडलं म्हणे. पोर जेवेना, पोर खोड्या काढायला लागलं, की आई टेकाडाकडं बोट करायची, "राऊत बघतोय हां!" गावाला फुकटचा राखणदार मिळाला होता. पोराला समजावत बसण्यापेक्षा हे सोपं.

घोडे अर्थातच तुळाजी करायचा. दिवाळी झाली की घराघरातली बाई हळूच येऊन सांगून जायची, आमच्यात दोन, आमच्यात चार. घोडा हातानंच घडवायचा. पोट भरीव राहिलं तर भट्टीत तडकतं, म्हणून खालून अंगठा दाबून पोकळ करायचं. मग तो ठसा ओल्या फडक्यानं पुसून टाकायचा. राऊताच्या घोड्याला कुंभाराचा अंगठा कसा चालेल?

तुळाजीला मूलबाळ नव्हतं. म्हणूनच असेल, या खोट्यात त्याच्याइतका जीव कुणी ओतला नाही. फुटक्या घागरीच्या काठाचा तुकडा घेऊन तो पहाटे गल्लीतल्या फुफाट्यात खूर उमटवत जायचा. दाराशी आला की खूर वळवायचा, घोडा ठेवायचा, पुन्हा खूर रस्त्याला. गावाबाहेर पडल्यावरही थांबायचा नाही. टेकाडाच्या वाटेनं पार मातीच्या खाणीपर्यंत खूर न्यायचा. तिथवरची वाट त्याच्या पायाखालची होती.

त्याची बायको सगुणा फटकळ. ती म्हणायची, "लेकरांशी खोटं बोलायला तुमाला जमतं तरी कसं?"

"खोटं कुटं? घोडा तर खरा हाय."

"आन् राऊत?"

"तो बी खरा. आत्ताच त्याच्यासंगं तर गाव फिरून आलो." असं म्हणून तुळाजी हसायचा, आणि सगुणा भांडी आपटायची.

त्या साली भागा नावाची एक बाई हिवतापानं अंथरुणाला खिळली होती. नवरा मागंच गेलेला. घरात ती आणि तिची लेक साळू, दोघीच. तापात पडलेली बाई कुंभाराकडं सांगायला कशी जाणार? ती आली नाही, आणि तुळाजीनं तिच्या घरचा घोडा केला नाही.

पहाटे खूर उमटवत तो भागाच्या दाराशी आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पाटीत हात घातला. घोडे मोजके होते, पुढच्या घरांचे. एक इथं ठेवावा तर पुढं कमी पडणार. आणि खूर तर पाडत आणलेले. घोडा काय दारापुढं उडून जातो? तेव्हा त्यानं घागरीचा काठ टेकवत, खूर पाडत, भागाच्या दारापुढून तसाच सरळ पुढं गेला. नंतर बघू म्हणाला. माणूस असंच म्हणतो.

उजाडलं. गावभर पोरांचा कालवा. तुळाजी ओट्यावर बसून तो ऐकत होता, कारण त्याची पुनव तीच होती. तेवढ्यात त्याला दिसलं, की साळू त्याच्या गाढवापुढं हात जोडून उभी आहे.

"काय गं," त्यानं हाक मारली, "गाढवाला नवस बोललीस का काय?"

"माफी मागतीया," साळू म्हणाली. "मी त्याच्या शेपटीला डबडं बांधलं हुतं."

तुळाजी खो खो हसला. सगुणा मात्र बाहेर आली आणि पोरीला जवळ घेऊन विचारू लागली. तेव्हा कळलं, की पोर सकाळपासून गावभर फिरत होती. शेजारणीच्या वालाच्या शेंगा तोडल्या होत्या, तिची माफी मागून झाली. पाटलाच्या म्हशीला खडा मारला होता, म्हशीची मागून झाली. आता आठवेल तेवढं संपलं होतं.

"पण तेवढ्यानं राऊत रागावंल का, काकी?" तिनं विचारलं. "तो आमच्या दारात वळला बी न्हाई. सरळ गेला. म्हंजे त्याला कायतरी मोठं दिसलं आसंल. माझ्याच ध्यानात येईना."

असं बोलून ती गेली. सगुणा नवऱ्याकडं बघत राहिली. 

तुळाजीच्या जिवाला तिथून जी टोचणी लागली ती सुटेना. ओट्यावर बसवेना, चाकावर बसवेना. भाकरी पुढं आली ती तशीच राहिली. पोरं घोडे नाचवत समोरून जात आणि हा तोंड फिरवी. शेवटी चिखलात हात घातला आणि घाईघाईनं एक घोडा घडवला. वाळवायला वेळ नाही, भाजायला वेळ नाही. कच्चाच नेऊ, म्हणाला, उंबऱ्यावर ठेवू आणि सांगू, राऊताला उशीर झाला. म्हणजे पुन्हा तेच! एका खोट्यावर दुसरं थापायचं. घाईत अंगठ्याचा ठसा पुसायचा राहिला.

तो भागाच्या दारात पोचला. भागा गोधडीत कण्हत होती. साळू नव्हती.

"मगाशीच गेली," भागा म्हणाली. "राऊतालाच विचारून येते म्हणली. तापात मी तिला धरू कशी?"

तुळाजी पळत सुटला. वाट विचारायची गरज नव्हती. ती त्यानंच पाडून ठेवली होती. फुफाट्यात खूर, आणि प्रत्येक खुरावर एक बारकं पाऊल. पोर एकही खूर न चुकवता गेली होती. गावाबाहेर, बाभळीखालून, टेकाडाच्या चढणीला. आजवर ही वाट त्याला इतकी लांब कधी लागली नव्हती. खूर उमटवताना आपण इथं हसत होतो, हे त्याला आठवत होतं आणि पाय अडखळत होते.

खूर खाणीच्या तोंडाशी संपत होते. पावसाळ्यात पाण्यानं खाणीची कड आतून पोखरली होती. ती ढासळली होती, आणि खाली ओल्या मातीत कमरेपर्यंत रुतलेली साळू उभी होती. वरून ढेकळं सुटत होती. तुळाजी पालथा पडला आणि त्यानं हात खाली सोडला. ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं. पोरीला वर नुसता काळा आकार दिसला.

"राऊतबाबा?" ती म्हणाली.

 तुळाजीला वाटलं, पोरीच्या मनातला राऊत मोडू कशाला? आवाज जाड करून म्हणाला, "व्हय. मी राऊत. तुला माफ केलं. धर हात."

पोरीनं हात पुढं केला नाही. "काय केलं हुतं मी?"

"माफ केलं म्हटलं ना! धर हात."

"पण कशाबद्दल?"

आता याचं उत्तर राऊतापाशी नव्हतं. एक मोठं ढेकूळ पोरीच्या खांद्यावर पडलं. खालून पाण्याचा बुडबुड आवाज यायला लागला होता. तुळाजीनं आपल्या आवाजात सांगितलं, "साळू, मी तुळाकाका हाय."

"काका, तुमी सरका! राऊत आत्ताच हितं बोलत हुता."

"तो मीच. राऊत न्हाई कुणी. घोडं मी करतो, खूर मी पाडतो." पाठीला बांधलेल्या फडक्यातला कच्चा घोडा काढून त्यानं उलटा धरला. "ह्यो बघ माझा अंगठा."

पोर बघत राहिली. मग तिनं जे विचारलं ते राऊताला विचारलं असतं तर बरं, असं तुळाजीला वाटलं असेल.

"मग तुमी का न्हाई थांबला आमच्या दारात?"

"तुझ्या आईनं सांगितलं न्हवतं."

"आई तापात हुती."

"ठावं हुतं मला."

"मग?"

"मग काय न्हाई. पाटीत घोडा न्हवता म्हणून मी पुढं गेलो. माझं चुकलं. तू काय केलं न्हवतंस, बाई. शेंगांचं न्हाई, गाढवाचं न्हाई, कशाचंच न्हाई."

तेव्हा साळूनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं आणि त्याच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. सकाळपासूनचं सगळं त्या चाव्यात होतं. दात रुतले, रक्त आलं. हात झटकला असता तर पोर खाली गेली असती. म्हणून तुळाजीनं हात झटकला नाही, हूं की चूं केलं नाही. पोर अंगठा चावत राहिली आणि तो तिला ओढत राहिला. ती वर आली तरी दात तसेच.

दोघं चार पावलं मागं सरकली असतील नसतील, की अख्खी कड खाली बसली. तळातून झरा फुटला आणि संध्याकाळच्या आत खाण भरून गेली, असं सांगतात. तेच हे तळं. ते तेव्हापासून आटलेलं नाही.

देवळापुढं गाव जमलं. पाटील म्हणाले, "बंद करा हे सोंग. पोर जात होती जिवानिशी." आयांनी गलका केला, की वर्षाचा एक आनंद, तोही काढून घ्यायचा का? तुळाजी खाली मान घालून बसला होता, अंगठ्याला चिंधी बांधून. शेवटी सगुणा म्हणाली, "ज्यांचं त्यांचंच चाललंय. जिला लागलं तिला इचारा की!"

साळूच्या अंगावरची माती अजून वाळली नव्हती. ती म्हणाली, "घोडा येऊ द्या. मला आवडायचा. पण राऊत बघतोय म्हणू नका. आन् पोरानं इचारलं तर खरं सांगा. मला मागंच इचारायचं हुतं, पण वाटलं, इचारणाऱ्याला घोडा मिळत न्हाई."



तुळाजीनं तिथंच शपथ घेतली. त्या जागेची माती पुन्हा घेणार नाही, घोड्याखालचा अंगठा पुसणार नाही, आणि खूर एकाही दारापुढून सरळ जाणार नाहीत. त्याच्या शपथेवर साळूचा विश्वास नव्हता. पुढच्या पुनवेला ती पाटी घेऊन त्याच्या मागं निघाली. प्रत्येक दाराशी ती "थांबा" म्हणायची. पोर असो, नसो, घराला कुलूप असो, थांबा. सगळं गाव झाल्यावर ती तुळाजीच्याच दाराशी थांबली.

"हितं न्हाई गं पोर," तो म्हणाला.

"थांबा म्हटलं ना!" ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर घोडा ठेवला.

तुळाजीच्या अंगठ्यावरचा व्रण गेला नाही. घोड्याच्या पोटाखाली ठशासोबत तो उमटायचा. तुळाजी गेल्यावर दुसऱ्यांनी केलेल्या घोड्यांवरही ती ओळ आपोआप यायची म्हणे. आली असेल, नसेल. आता नखानं ओढतात, ते सगळ्यांनी बघितलेलं आहे.

आजही कार्तिकी पुनवेला खुरवडीत खूर उमटतात आणि प्रत्येक दारात वळतात. मुक्कामाला राहाल तर तुमच्याही दारात वळतील. आजही इथं पोराला राऊताचा धाक कुणी घालत नाही. घोडा आता ज्याचा तो घरी करतो. एखाद्या साली पोर घोडा उलटा करतं, ठसा बघतं आणि विचारतं, हा अंगठा कुणाचा? मग आई असो, बाप असो, हातातलं काम टाकून खाली बसायचं, खरं सांगायचं आणि अंगठा पुढं करायचा. पोराला चावायचा हक्क आहे. काही पोरं हळू चावतात, काही नाही. मोठ्या माणसानं हात मागं घ्यायचा नाही आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. मग तो घोडा पोरानं इथं काठावर आणून ठेवायचा.

गावात चहाला थांबाल तेव्हा समोरच्याच्या अंगठ्याकडं बघा. ज्याच्या अंगठ्यावर व्रण नाही, त्याचं पोर अजून लहान आहे. पुनव जवळ आली की तो माणूस एका जागी बसत नाही.