गुणाजीचा पहारा

एका गावात एक भोळा पहारेकरी होता. खरा नव्हे हो, खेळातला. नाव गुणाजी. दर शुक्रवारी गावची वीज जायची, तात्यांची पिठाची गिरणी बंद पडायची आणि तिथंच सोंगांचा खेळ रंगायचा. ज्याने त्याने एक सोंग घ्यायचं. गोष्ट तात्या पुढं नेणार. शेवंताकाकू राणी होत्या, केरबा वैद्य. वर्षभर वणवण करून राणीने आपला गड परत मिळवला होता. गादीवर बसायचं तेवढं राहिलं होतं. काकूंचा जीव त्या गादीत अडकला होता.

गुणाजी नवा म्हणून त्याला सोपं सोंग दिलं. त्याला मिळालेल्या सोंगाच्या पत्त्यावर लिहिलं होतं, "हा दारावर असताना कोणीही आत येऊ शकत नाही."

खेळ सुरू झाला. गडाच्या आत सेनापती घायाळ. केरबाचा वैद्य झोळी घेऊन धावत आला. गुणाजीने दार उघडलं नाही.

"कोणीही म्हणजे कोणीही," तो म्हणाला.

मग 'कोणीही'त आपली माणसं येतात की नाही, यावर वाद झाला. चहा निवला. वाद मिटला तोवर सेनापती गेला.

"अरे बाबा," तात्या म्हणाले, "परक्याला अडवायचं, आपल्याला सोडायचं."

"असं होय. आधी सांगायचं ना."

मग शत्रूचा हेर आला. गुणाजीने विचारलं, "आपला का परका?"

"आपलाच की," हेर म्हणाला. हेर तरी दुसरं काय म्हणणार? आत जाऊन त्याने धान्याचं कोठार पेटवलं.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अरे, राजमुद्रा बघायची. ती असेल त्यालाच सोड."

"असं होय. आधी सांगायचं ना."

मग धान्याचे बैल आले. बैलांकडे कुठली मुद्रा? गुणाजीने परत पाठवले. गड उपाशी.

"मुक्या जनावराला काय मुद्रा विचारतोस?" केरबा चिडला. "जनावर आलं की निमूट सोडायचं."

"असं होय."

मग वाघ आला. गुणाजीने निमूट सोडला. वाघाने वैद्याला खाल्लं आणि केरबा चपला घालून घरी गेला.

आता मात्र काकूंनी त्याला समोर बसवलं. "गुणाजी, तू डोकं चालवूच नकोस. कोणीही येवो, आधी आत जाऊन राणीला विचारायचं. राणी हो म्हणेल तेव्हाच दार उघडायचं." तात्यांनी ते पत्त्यावर पेन्सिलीने लिहूनही दिलं. काकू निर्धास्त झाल्या.

शेवटचा शुक्रवार आला. गादीवर बसायच्या आधी राणी गडाखाली देवीच्या पाया पडायला गेली. परतताना शत्रूने गाठलं. राणी धापा टाकत दाराशी आली. मागे घोडेस्वार.

"गुणाजी, दार उघड," काकू म्हणाल्या.

गुणाजीने पत्ता वाचला. पुन्हा वाचला. "आलोच," म्हणाला आणि आत गेला. दरबार पाहिला, माजघर पाहिलं, देवघरही पाहिलं. घोडेस्वार दाराशी पोचले तेव्हा तो परत आला.

"बाई, जरा थांबावं लागेल," तो काकूंना म्हणाला. "राणीसाहेब बाहेर गेल्यात. त्या आल्या की विचारतो आणि लगेच उघडतो."