दिवेलागणीला कोसळणारं घर

एका राज्यात घडलेली ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी. शपथेवर सांगतो, मी ती या डोळ्यांनी पाहिली; तेव्हा मी जन्मलो नव्हतो, तेवढं सोडून द्या.

त्या राज्यात राजाचा एक जादूगार होता, शंखपाल. त्याने हंडीत कोंडलेला अग्निसर्प एका दुपारी निसटला आणि शेजारच्या गोदाक्काचं घर गिळून गेला. माणसं तेवढी वाचली. राखेत उभी राहून गोदाक्का शंखपालाला म्हणाली, "तुझ्या चुलीत पुन्हा विस्तव न पडो." त्या राज्यात शाप लागत असत. हाही लागला.

राजाने दगड धाडले, गवंडी धाडले. गोदाक्काने काठीने जमिनीवर नवं घर आखलं. ओटी ऐसपैस, माजघराला दोन खिडक्या, लेकीसाठी बाळंतिणीची खोली. चूल मात्र कुठेच नाही. गवंड्याने विचारलं तर म्हणाली, आगीचं तोंड या घराला पुन्हा दिसायचं नाही. आळी जेवू घालतेच आहे.

भिंती दिवसभर चढत आणि दिवेलागणीला गुडघे मोडून मातीत बसत. असं तीनदा झालं. इकडे लेक मंजुळा पहिलटकरीण, नवमीला माहेरी यायची. आणि माहेर तर जागेवर नाही.

चौथ्या सकाळी ढिगाऱ्यावर एक भारद्वाज येऊन बसला आणि बोलू लागला. तिकडचे पक्षी बोलतात. म्हणाला, तीन वस्तू आण: ज्यांनी जेवू घातलं त्यांच्या अंगणांतली मूठ मूठ माती, आपणहून आडव्या होणाऱ्या झाडाचं छपराला आढं आणि शंखपालाच्या चुलीतला विस्तव.

"पहिल्या दोन आणते," गोदाक्का म्हणाली.

"मग चुलीवाचून भिंती कशाभोवती उभ्या राहतील?" पक्षी म्हणाला. "आणि बाळंतिणीला शेक कशाचा देशील, उन्हाचा?"

माती मागत ती दारोदार फिरली. तीस अंगणं भरली. इतक्या घरांची भाकरी आपल्या पोटात गेली, हे तिला तेव्हा कळलं. प्रत्येक उंबऱ्याला हात लावूनच ती निघाली. रानात एक म्हातारा साग तिला पाहून आडवा झाला. म्हणाला, फार वर्षं उभा होतो, बाई. मग खापर घेऊन ती शंखपालाच्या दारी गेली.

जादूगार भिजवलेले पोहे खात बसला होता.

"वहिनी, रोज लाकडं रचतो," तो म्हणाला. "पेटत नाहीत."

गोदाक्का चुलीपुढे वाकली. "माझा शब्द मी मागे घेतला, भावोजी. विस्तव द्या. लेक यायची आहे."

तिने फुंकर घातली आणि लाकडं धडधडून पेटली. खापरातल्या निखाऱ्यांत करंगळीएवढा अग्निसर्पही आला, मान खाली घालून.

माती भिंतींत कालवली, आढं वर चढवलं आणि चूल घराच्या मधोमध मांडली. त्या दिवेलागणीला भिंती हलल्या नाहीत. नवमीला मंजुळा आली. राजा घर बघायला आला आणि चुलीशी बसून पेज पिऊन गेला. गोदाक्काने मात्र पहिल्या गरम भाकऱ्या तीस घरी पोचवल्या. एकतिसावी शंखपालाकडे, वर लोणी घालून.

आता कबूल करतो. पक्षी खरा, साग खरा, सापही खरा. खोटं एवढंच, की गोदाक्काने गेल्या गेल्या शब्द मागे घेतला. त्या दारातून ती रिकामं खापर घेऊन दोनदा परत आली होती.